पाहुण्याला शिवारापर्यंत न्यावे

अमृतसरहून निघालेली सचखंड एक्सप्रेस, वाटेतल्या स्थानकांवर सेवेकऱ्यांनी डब्यांतून आणून वाढलेला लंगरचा प्रसाद स्वीकारीत, अर्धा भारत ओलांडून नांदेडच्या फलाटाला लागते, तेव्हा तीतून उतरणाऱ्या भाविकाच्या मनात एकच ओढ असते. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली जेथे देह ठेवला आणि महाराजा रणजितसिंहांच्या आज्ञेने १८३२ ते १८३७ या काळात जेथे आजचे तख्त उभे राहिले, त्या हुजूर साहिबच्या उंबरठ्यावर मस्तक टेकावे, गोदावरीच्या घाटावर स्नान करावे, लंगरच्या पंगतीत जे वाढले जाईल ते प्रसाद म्हणून ग्रहण करावे आणि परतीची गाडी धरावी, एवढाच त्याचा संकल्प असतो. या क्रमात उणे काढण्याजोगे काही नाही. तीर्थयात्रेचा तोच धर्म आहे. उणे आहे ते यजमानांच्या बाजूला. इतक्या दूरवरून आलेला हा पाहुणा बहुधा नांदेड शहराच्या वेशीबाहेर पाऊल न टाकता परततो. विष्णुपुरीच्या बंधाऱ्यामागे पसरलेले गोदेचे विस्तीर्ण पात्र आणि त्याच्या काठचे काळेश्वराचे देऊळ त्याच्या दृष्टीस पडत नाही, कंधारच्या किल्ल्याचे नावही त्याच्या कानी जात नाही, ज्वारीची भाकरी आणि गाडग्यातली आंबील यांची चव त्याला ठाऊक होत नाही. आणि याची खंत जिल्हा कचेरीला जशी वाटत नाही, तशीच आपणा येथल्या रहिवाशांनाही वाटत नाही.

ही खंत आपल्याला वाटावी, एवढ्यासाठी हा लेख आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा मुलूख हा अन्नाच्या, पेयाच्या आणि संस्कृतीच्या वाटेने हिंडावा असा एक सलग प्रदेश आहे, असे माझे मत आहे. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या मातीतून हे अन्न येते ती माती आणि ज्या पिकातून ते येते ते पीक राखण्याचा निश्चय आपण केला नाही, तर दहा वर्षांनी पाहुणा आला तरी त्याच्या पानात वाढायला आपल्याजवळ आपले असे काही उरणार नाही, असेही मला वाटते.

या विचाराला निमित्त झाले ते दूरच्या एका देशाचे. लातूर आणि नांदेड येथून शिकून बाहेर पडलेली कितीतरी मुले आज मेलबर्न आणि अ‍ॅडलेड या शहरांत शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी राहत आहेत, आणि त्यांच्याकडे दोन-तीन महिन्यांसाठी जाऊन आलेले आईवडील परतल्यावर जे सांगतात, त्यात एक गोष्ट हटकून येते. मुलाने मोटारीत घालून शहराबाहेर तासा-दीड तासाच्या अंतरावर नेले, तेथे द्राक्षांचे मळे होते, मळ्याचा मालक स्वतः पुढे आला, ही वेल माझ्या पणजोबांनी लावली असे त्याने सांगितले, घरचा पाव आणि घरचे लोणचे पुढे ठेवले. आणि ज्यांनी आयुष्यात मद्याला स्पर्श केला नाही अशी ही माळकरी माणसेसुद्धा त्या मळ्याची, त्या पावाची आणि त्या शेतकऱ्याच्या अभिमानाची आठवण सांगताना थकत नाहीत. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या या माणसांना परदेशात जाऊन सर्वांत जास्त भावले ते एका शेतकऱ्याचे घर, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

अ‍ॅडलेडच्या ईशान्येचे ते बरोसा नावाचे खोरे कसे घडले, हे थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ साली स्थापन झाली, ती इतर वसाहतींप्रमाणे इंग्लंडातून हद्दपार केलेल्या कैद्यांच्या श्रमावर उभारलेली नव्हती. कर्नल लाइट नावाच्या भूमापन अधिकाऱ्याने अ‍ॅडलेडचा नकाशा आखला आणि शहराभोवती उद्यानांचे कडे ठेवले. प्रशियाच्या राजाने धर्माचरणावर लादलेली सक्ती असह्य होऊन सायलेशियातील ल्यूथरपंथी शेतकरी आपल्या धर्मोपदेशकासह १८३८ पासून या वसाहतीत येऊ लागले आणि १८४२ मध्ये त्यांनी बरोसात पहिले गाव वसविले. त्यांनी बरोबर आणले ते आपल्या पावाच्या भट्ट्या, धुरावलेले मांस, काकडीचे लोणचे, चर्चमधले समूहगान आणि द्राक्षाची कलमे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपचे मळे उजाड केले, शेजारच्या व्हिक्टोरियातही ती शिरली. परंतु दक्षिण ऑस्ट्रेलियाने सरहद्दीवर कडक बंदोबस्त ठेवून तिला आत येऊ दिले नाही, आणि म्हणून १८४३ साली लावलेल्या काही वेली तेथे आजही फळ धरतात.

तथापि त्या वेलींना खरे भय पुढे किडीपेक्षा बाजाराकडून निर्माण झाले. १९८० नंतरच्या दशकात द्राक्षे उदंड झाली, भाव कोसळले, आणि जुने मळे उपटून टाकणाऱ्या शेतकऱ्यास सरकारच रोख रक्कम देऊ लागले. शतकभर जुन्या वेली उत्पन्न थोडे देतात, त्यांचे काम हाताने करावे लागते, आणि बाजाराला त्या वेळी दुसऱ्या जातीची द्राक्षे हवी होती. हिशेबाच्या वहीत त्या वेली तोट्याच्या होत्या. पुष्कळांनी त्या उपटल्या. परंतु काहींनी उपटल्या नाहीत. त्या आधीच, १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, पीटर लेहमन नावाच्या मद्यनिर्मात्याने, आपली कंपनी शेतकऱ्यांची द्राक्षे घेण्यास नकार देते आहे असे पाहून, दिलेल्या शब्दाखातर स्वतः ती द्राक्षे घेण्याची सोय उभी केली होती. ज्या मोजक्या माणसांच्या हट्टामुळे खोऱ्यातली जुनी वेल टिकली, त्यांत त्याची गणना होते. आज ज्या जुन्या वेलींच्या नावाने बरोसा जगभर ओळखले जाते, ज्या पाहण्यासाठी माणसे सातासमुद्रांपलीकडून येतात, त्या याच. हिशेबाच्या वहीने ज्यांना एकदा निकाली काढले होते त्या.

आणखी एक गोष्ट तेथल्या विधिमंडळाने केली. अ‍ॅडलेड शहर वाढत वाढत मळ्यांपर्यंत येऊन पोहोचेल, हे दिसू लागताच २०१२ साली बरोसा आणि मॅकलॅरेन व्हेल या दोन खोऱ्यांसाठी स्वतंत्र कायदे करून तेथील शेतजमिनीचे निवासी भूखंड पाडण्यावर निर्बंध घातले गेले. माणसांच्या हट्टाने वेली टिकल्या, आणि कायद्याने त्यांच्या पायाखालची जमीन टिकली. पर्यटनाची सारी शोभा, चाखण्याच्या दालनांची सजावट, दर दोन वर्षांनी भरणारा सुगीचा उत्सव, या साऱ्यांचे महत्त्व त्यानंतरचे.

मेलबर्नची १८७८ पासून चालत आलेली क्वीन व्हिक्टोरिया मंडई, महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी आपल्या मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ १९१९ ते १९३२ या काळात डोंगर फोडून बांधलेला समुद्रकाठचा महामार्ग, कांगारू बेटावर १८८५ च्या कायद्याने राखलेल्या लिग्युरियन मधमाश्या, सेव्हनहिल येथील जेझुइट पाद्रींनी १८५१ पासून चर्चमधील विधीसाठी चालविलेला द्राक्षमळा, हे सर्व त्या दक्षिण किनाऱ्याच्या प्रवासात येते. त्याचे वर्णन वाचकांनी इतरत्र वाचलेले असेल. मला मात्र एक सल सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ज्या भूमीवर हे मळे उभे आहेत ती मुळात तेथल्या आदिवासी जमातींची होती; अ‍ॅडलेड ज्या मैदानावर वसले ते कौर्ना लोकांचे. त्यांच्या अन्नाला, त्यांच्या वनस्पतिज्ञानाला, त्यांच्या भाषेला त्या सजविलेल्या मेजावर दीर्घकाळ जागा नव्हती. शहराच्या मध्यवर्ती चौकाला कौर्ना भाषेतील नाव अधिकृतपणे जोडले गेले तेही अगदी अलीकडे. आपण आपला प्रदेश जगापुढे मांडावयास निघू, तेव्हा कोणाचे अन्न मांडतो आणि कोणाचे लपवितो, हा प्रश्न आपणासही चुकणार नाही.

आता आपल्याकडे वळू. द्राक्षासवाचे अनुकरण आपण करावे, असे मी म्हणत नाही. महाराष्ट्रात ते काम नाशिकने केलेच आहे. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखल्यापासून नाशिक-दिंडोरीच्या माळांवर जे उभे राहिले ते त्या मातीला शोभून दिसते. आपल्या मराठवाड्याची मद्याविषयीची स्मृती निराळी आहे. निजामाच्या राज्यात अबकारी हे खजिन्याचे एक भक्कम उत्पन्न होते, शिंदीचे मक्ते दिले जात, आणि म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील कार्यकर्त्यांनी करोडगिरीची नाकी जशी उद्ध्वस्त केली, तशीच शिंदीची झाडेही गावोगाव तोडली. जुलमी सत्तेचा महसूल तोडण्याचा तो एक मार्ग होता. ज्या प्रदेशातील वडीलधाऱ्या पिढीने स्वातंत्र्यासाठी हाती कुऱ्हाड घेऊन मद्याचा उगम तोडला, त्या प्रदेशाला आपले पेय म्हणून दुसरे काही मांडता आले पाहिजे. आणि ते आपल्याजवळ आहे.

ते पेय म्हणजे आंबील, आणि तिचा सण म्हणजे येळवस. मार्गशीर्षाच्या अमावास्येला लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या लगतच्या तालुक्यांत, तसेच पलीकडे बिदर-कलबुर्गीच्या शिवारांत हा सण होतो. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला त्याचे नावही अनेकदा ठाऊक नसते. त्या दिवशी लातूर शहर पाहावे. १९१७ साली फैयाजुद्दीन यांनी आखलेली, सोळा रस्ते जिच्यापाशी येऊन मिळतात ती गंजगोलाई एरव्ही माणसांनी आणि हातगाड्यांनी ओसंडून वाहत असते. येळवशीला ती निर्मनुष्य असते, कचेऱ्यांना स्थानिक सुट्टी असते, दुकाने बंद असतात, आणि सारे शहर, ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात आणि ज्याला नाही तो मित्राच्या शेतात, गेलेले असते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारलेली असते, तिच्यात चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडलेले असतात, त्यांच्यावर शाल घातलेली असते. घरधनीण डोक्यावर आंबिलीचे गाडगे आणि पाठोपाठ मुले भाकरीच्या दुरड्या घेऊन येतात. पूजा झाली की आंबील पळसाच्या किंवा अन्य कोणत्या डहाळीने उभ्या पिकावर शिंपडीत, आरोळी देत, शेताला फेरी घातली जाते, आणि मग पंगत बसते.

त्या पंगतीतील पदार्थांविषयी चार शब्द सावकाश लिहिले पाहिजेत. आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ ताकात आंबवून, शिजवून, लसूण-मिरची-कोथिंबिरीचा ठेचा लावून मातीच्या भांड्यात निवविलेले पेय. मातीच्या भांड्यातच तिला तो किंचित आंबट, किंचित धुरकट स्वाद येतो, स्टीलच्या पातेल्यात तो येत नाही. भज्जी नावाची जी भाजी त्या दिवशी होते, तीत हरभऱ्याचे ओले घाटे, तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, मेथी, चाकवत, गाजर, वांगी, म्हणजे मार्गशीर्षात त्या शिवारात जे जे हिरवे आणि कोवळे असते ते सारे बेसनात आणि चिंचेच्या कोळात एकत्र शिजते. एखाद्या प्रदेशाच्या एका ऋतूचे संपूर्ण वर्णन एकाच भांड्यात करावे, तसा तो पदार्थ आहे. बाजरीचे उंडे, खिचडा, तिळाची पोळी, धपाटे, गव्हाची खीर हे त्याच्याबरोबर. आणि हे अन्न कोणालाही मागावे लागत नाही. त्या दिवशी वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून खोपीपाशी बसविण्याची रीत आहे. आतिथ्यशास्त्राची महाविद्यालये जे शिकवू पाहतात ते ज्या समाजाच्या सणात आपोआप वसते, त्या समाजाला पाहुण्याचे स्वागत कसे करावे हे कोणी शिकविण्याची गरज नाही.

परंतु आंबिलीला ज्वारी लागते, खोपीला कडबा लागतो, आणि कडबा ज्वारीचाच असतो. आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत खरिपातील हायब्रीड ज्वारी गेली आणि तिच्या जागी सोयाबीन आले. रब्बीची मालदांडीही अनेक गावांत आता घरच्या खाण्यापुरती उरली. करडईची काटेरी पिवळी शेते, ज्यांच्या घाण्यावरच्या तेलाशिवाय एके काळी लातुरी स्वयंपाक होत नसे, ती शोधावी लागतात. लातूरच्या आडत बाजारात आज सोयाबीनच्या भावावर जिल्ह्याचे सुखदुःख ठरते. याचा दोष मी शेतकऱ्याला देत नाही, कारण ज्वारीची काढणी-मोडणी कष्टाची, मजूर मिळत नाही, पाखरे राखावी लागतात, आणि एवढे करून भाव मिळेल याची शाश्वती नाही. तेव्हा त्याने नगदी पिकाकडे वळावे हे स्वाभाविक आहे. परंतु परिणामांची साखळी पाहावी. ज्वारी गेली की कडबा महागतो, कडबा महागला की बैल परवडत नाही, आणि मग कंधार-लोह्याकडची लाल कंधारी आणि उदगीर-देवणीकडची देवणी, हे ज्यांच्या नावांतच या तालुक्यांची नावे कोरलेली आहेत ते गोवंश दावणीवरून कमी होत जातात. बरोसात सरकारने वेल उपटायला पैसे दिले. आपल्याकडे कोणी तसा हुकूम काढलेला नाही, पण बाजार, मजुरी आणि शासकीय खरेदीची रचना या तिन्हींनी मिळून तोच परिणाम घडविला आहे.

याच्या उलट दिशेचा एक शुभ संकेत २०२४ साली मिळाला. निलंगा तालुक्यातील बोरसुरीची तूरडाळ, त्याच तालुक्यातील पानचिंचोलीची चिंच आणि लातूर जिल्ह्यातीलच कास्ती कोथिंबीर, या तिघींना त्या वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले. या तिन्ही वस्तू एकत्र केल्या की काय होते, हे मराठवाड्यातील कोणत्याही गृहिणीस विचारावे. आंबट वरणाचे भांडे चुलीवर चढते. एका जिल्ह्याच्या दोन-तीन तालुक्यांतून आलेली डाळ, चिंच आणि कोथिंबीर यांचे वरण, वर ज्वारीची भाकरी आणि करडईच्या तेलात परतलेला ठेचा, एवढे एक ताट जरी लातूरच्या बसस्थानकाजवळच्या एखाद्या भोजनालयात, त्या गावांची नावे फलकावर लिहून, वाढले जाऊ लागले, तर त्या मानांकनाच्या सनदेला खरा अर्थ येईल. आज ती सनद कचेरीत आहे आणि भोजनालयांत पनीर आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे १९७० च्या दशकातील मुख्यमंत्री (प्रीमियर) डॉन डन्स्टन यांनी पदावर असताना १९७६ साली स्वतःचे पाककृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले होते. राज्यकर्त्याने अन्नाकडे संस्कृतीचा विषय म्हणून पाहिले की हाताखालच्या यंत्रणेलाही तशी दृष्टी येते. आपल्या शासकीय विश्रामगृहांनी, विष्णुपुरीतील विद्यापीठाच्या अतिथिगृहाने, जिल्हा परिषदेच्या बैठकींनी हे ताट आधी आपल्याकडे सुरू करावे. त्याला वेगळा निधी लागत नाही.

वाटेवरच्या स्थळांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण ती गॅझेटियरमध्ये आहेत. राष्ट्रकूटकालीन कंधार, त्याचा खंदकवेष्टित किल्ला आणि जगत्तुंग समुद्र हा तलाव. देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी ज्या परिसरात निजामाला नमविले तो उदगीरचा किल्ला, आणि तेच उदगीर जेथे २०२२ साली भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली पंचाण्णवावे साहित्य संमेलन भरले. औशाचा किल्ला, खरोशाची लेणी, निलंग्याचे नीळकंठेश्वर. आणि उत्तरेस रेणुकेचे माहूर. नांदेड शहरातच पीपल्स कॉलेजच्या वर्गांत नरहर कुरुंदकर शिकवीत होते, याची खूण म्हणून एखादी वास्तू प्रवाशाला दाखविता आली, तर तीही संस्कृतीची यात्रा होईल. हुजूर साहिबलाही जे आहे त्याचे मर्म सांगणारा कोणी हवा: दररोज गोदावरीचे पाणी गागरीतून आणण्याची सेवा, सायंकाळची दिव्यांची आरती, दसऱ्याचा हल्लाबोल, आणि निजामाच्या चाकरीत आलेल्या लाहोरी फौजेपासून येथे स्थायिक झालेली, घरी पंजाबी आणि बाजारात अस्खलित मराठी बोलणारी दख्खनी शीख कुटुंबे. दख्खनी मुसलमानांच्या घरची तहारी आणि खट्टी दाळ ही नांदेडच्या अन्नाची आणखी एक शाखा. किनवट-माहूरच्या जंगलातील गोंड, कोलाम आणि आंध बांधवांचे मोहाच्या फुलांचे पदार्थ, तांड्यांवरचे बंजारा अन्न, हे या ताटातून वगळले तर अ‍ॅडलेडने शतकभर केलेली चूक आपणही करू. परंतु त्यांना रंगमंचावर नाचविण्यासाठी आणू नये, त्यांच्या गावी, त्यांच्या अटींवर, त्यांच्या ग्रामसभेच्या संमतीने जावे, आणि त्याचा पैसा त्यांच्याच हाती राहावा.

यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे पाहुण्यांचे लोंढे बोलावणे शहाणपणाचे आहे काय, असे कोणी विचारील. मला लोंढे नको आहेत. बरोसाचे अनुकरण करावयाचे ते मोठ्या हॉटेलांच्या बाबतीत मुळीच नाही. शेतकऱ्याच्या घरी दहा माणसे जेवली, दोन रात्री राहिली, तर त्याला जेवढे पाणी लागेल तेवढे त्या शिवारात हिवाळ्यात असते, आणि जे पीक आपण राखू म्हणतो ती ज्वारी ऊस नव्हे, ती थोड्या ओलीवर येणारे पीक आहे. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे: येळवस हा घरचा सण, तो पाहुण्यांसाठी मांडला की त्यातले पावित्र्य जाईल. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय एकच; ज्या घराला मनापासून पाहुणा हवा असेल त्यानेच तो बोलवावा, आणि कोणत्याही खात्याने खोपीचा देखावा रस्त्याच्या कडेला उभारू नये.

शासनाने करावयाचे ते वेगळे आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. त्याखालची नोंदणी तालुक्याच्या ठिकाणी, मराठीत, एका अर्जावर व्हावी. ज्वारीची आणि करडईची खरेदी शासकीय वसतिगृहांसाठी व शाळांच्या पोषण आहारासाठी हमीभावाने व्हावी, म्हणजे पीक राखणाऱ्याला भावाचा आधार मिळेल. आणि सर्वांत निकडीचे म्हणजे, काळ्या भारी जमिनींच्या अकृषिक वापराचा प्रश्न. विष्णुपुरीत विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय, वैद्यकीय महाविद्यालय आले, हे या भागाचे भाग्य. पण त्यांच्या मागोमाग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिवारांवर भूखंडांच्या चुन्याच्या रेषा पडत चालल्या आहेत, आणि नांदेड-लातूर रस्त्यावर त्या आणखी लांब जातील. मुरमाड माळ असताना गोदाकाठची गाळाची जमीन घरांखाली घालण्याचे कारण नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळाने दोन खोऱ्यांसाठी जसा स्वतंत्र कायदा केला, तसा गोदावरी आणि मांजरा यांच्या काठच्या निवडक पट्ट्यांसाठी आपल्या विधिमंडळाने करावा, अशी मागणी दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र येऊन केली पाहिजे.

आणि आरंभ कोठून करावा, हे पंचांगातच लिहिलेले आहे. नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात, माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास सुरू होते. घोडे, उंट, गाढवे यांचा तो बाजार, कुस्त्या, लावणीचे फड आणि पशुप्रदर्शन यांनी ती दूरवर प्रसिद्ध आहे, आणि लाल कंधारी व देवणी वळू तेथे दिमाखात उभे असतात. दुसऱ्याच दिवशी अमावास्या, म्हणजे येळवस. आणि त्यानंतर सातव्या दिवशी, पौष शुद्ध सप्तमीला, गुरू गोविंदसिंहांचे प्रकाशपर्व, ज्यासाठी पंजाबचा भाविक नांदेडला येतोच. आठ-नऊ दिवसांच्या या अवधीत हवा थंड असते, हरभऱ्याला घाटे असतात, हुरडा तोंडाशी आलेला असतो. प्रकाशपर्वासाठी येणाऱ्या भाविकाने आठ दिवस आधीची गाडी धरावी, एवढेच त्याला सांगायचे आहे. आणि ते सांगण्यासाठी दोन्ही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांनी मिळून गुरुमुखी, हिंदी आणि मराठी या तीन लिप्या-भाषांत एक साधे पत्रक छापावे, त्यात माळेगावची तिथी, पाहुणा घेण्यास राजी असलेल्या शेतकऱ्यांच्या गावांची नावे, कंधार व होट्टलला जाणाऱ्या एस.टी.च्या वेळा असाव्यात, आणि ते पत्रक दिवाळीच्या आतच गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासांत आणि सचखंड एक्सप्रेसच्या डब्यांत पोहोचावे. येत्या मार्गशीर्षाला अजून अवधी आहे; कोणत्या गावांची नावे त्यात घालायची, हे विचारण्यासाठी तलाठ्यांनी आणि कृषी सहायकांनी आतापासूनच बांधावर जाण्यास सुरुवात करावी.